गच्चीवरचा आशिया

अख्खा आशिया खंड स्वतःच्या हातांनी लिंपून काढलेला माणूस साऱ्या नवी मुंबईत एकच असेल, आणि तो माझ्या समोरच्या दारात राहतो. काका मूळचे इथल्याच बोनकोडे गावचे. घाट चढून लोणावळ्याच्या पुढे कधी गेलेले नाहीत. पण निवृत्तीनंतर मुलीचा शाळेतला नकाशासंग्रह त्यांच्या हाती लागला आणि आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, हिमालय उभा राहू लागला. रोज सकाळी काका बनियनवर, हातात थापी घेऊन तिबेटचं पठार सपाट करत बसलेले असायचे. वाळवणं घालणाऱ्या बायकांना त्यांची ना नव्हती, फक्त जागा ठरलेल्या होत्या. "वहिनी, पापड गोबीच्या वाळवंटात घाला. गंगेच्या खोऱ्यात मिरच्या नको, थितं पानी सोडायचा हाय."

पाणी सोडणं हा त्यांचा खरा नाद. नकाशात छापलेल्या उंचीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. त्यांचे वडील भातशेतात पाणी सोडून, ते कुठे साचतं ते बघून जमीन सारखी करायचे. काकाही तांब्याने डोंगरावर पाणी ओतत आणि ते त्या त्या समुद्राला मिळेपर्यंत जागचे हलत नसत. ब्रह्मपुत्रा वळवायला त्यांना तीन आठवडे लागले. वळली त्या दिवशी त्यांनी मजल्यावर पेढे वाटले! सैबेरियाच्या नद्या मात्र पहिल्याच दिवशी उत्तरेला वाहिल्या. भूगोलाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं, पण गच्चीच्या उत्तरेला, बरोब्बर खाली, माझी बेडरूम आहे. महिनाभरात छताला ओल धरली आणि मी, त्यांच्याकडे रोज चहा पिणारा, सोसायटीत लेखी तक्रार देऊन मोकळा झालो.

सभेत वॉटरप्रूफिंगचं ठरलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. मातीच तर आहे, कामवाले गोणीत भरून फेकतील."

काका कधी नव्हे ते हळू बोलले. "फेकू नका. आमच्या शेतावर ह्या शहराचा भराव पडायच्या आदल्या दिवशी बापानं बारा गोनी भरून ठेवल्या व्हत्या. तीच माती हाय ती."

मला मान वर करवेना. मग मीच सुचवलं की ही माती आपण घरोघरी कुंड्यांत वाटून घेऊ. लोक खुशीने आले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गुलाबाला इराण नेला. माझ्या वाटचा सैबेरिया काकांनी स्वतः आणून दिला. "नायतरी तुमच्याच घरात यायला निघाला व्हता तो," म्हणाले आणि हसले. त्या हसण्याने मला जास्तच शरमल्यासारखं झालं.

हिमालय ते स्वतःला ठेवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. तो त्यांनी खालच्या बागेला देऊन टाकला आणि गंगेचं खोरं तेवढं चार घमेल्यांत भरून आपल्या बाल्कनीत नेलं. "डोंगर बघाया बरा," म्हणाले, "पन भात खालच्या मातीतच येतो ना."

त्या घमेल्यांत आता भात निसवलाय, लोंब्या डोकावतायत. काल चहाला गेलो तर काका तांब्यातून बेताबेताने पाणी सोडत होते. चारही घमेल्यांत पाणी सारखं पसरल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "यो भात बापाला दाखवाया पायजे व्हता."

रंगारी दोनदा येऊन गेला. माझ्या छतावरचा तो डाग मी अजून रंगवून घेतलेला नाही. घेववत नाही.