‘नको’ न म्हणणारी गाडी

नोव्हेंबरातली सकाळ. रात्रभर बर्फ पडून गेलेला. मी ओव्हनमधून टम्म फुगलेला पॅनकेक काढत होते आणि टेबलाशी बापलेकीची जुंपली होती. आमच्या ऐलाला टेकडीपलीकडे, पंचेचाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती, तेव्हा गाडी घेणं भाग होतं. माझ्या नवऱ्याच्या, रॉयच्या मते शेजाऱ्यांची जुनी फ्रंट-व्हील, पुढच्याच दोन चाकांना जोर असलेली, पुरे; बर्फावर पकड धरणारे, बर्फाचे चार टायरही सोबत मिळत होते. ऐलाला हवी होती ऑल-व्हील, चारही चाकांना जोर असलेली.

“बाबा, तुमची ती गाडी टेकडी चढता चढता म्हातारी होईल.”

“होऊ दे की. मी नाही का झालो?”

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. आमच्या गावात पुढचं दार कुणी वाजवत नाही. हिवाळाभर ते बर्फाआड असतं. येणारा सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या बाजूनं, हाक मारत मागून शिरतो. पुढून येतात ते वाईट बातमी आणणारे पोलीस, नाहीतर पाद्री. रॉयनं कप हळूच खाली ठेवला.

दारात वेर्नर कंगास उभा होता. आमच्याच पायऱ्या आमच्याच फावड्यानं मोकळ्या करून आलेला.

वेर्नरनं एकतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवला. या भागातला बर्फ त्याच्याइतका कुणाला कळत नसेल. त्याची बायको लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नऊ वर्षांपूर्वी टेकडीपलीकडच्या उताराखाली, चौकात, ती गाडीच्या अपघातात गेली. तेव्हापासून तो गाडीत बसलेला नाही, सगळीकडे पायीच. रस्ता गोठला की पहाटेपासून अंगणात उभा असतो, टेकडीकडे कान लावून. जाणारे येणारे नजर दुसरीकडे वळवतात. मीही वळवलेली आहे.

दुकानात त्याच्या कानावर आलं होतं, की ऐला गाडी घेतेय. मी कॉफी दिली. त्यानं कपाला दोन्ही हात लावून ठेवले, प्यायला नाही.

लेम्पीची जुनी गाडी फ्रंट-व्हील होती, तो सांगू लागला. रस्ता फारच वाईट असला की तिची चाकं अर्ध्या चढावर जागीच गरागरा फिरायची. मग लेम्पी मागे येऊन शाळेला फोन करायची, नि पुन्हा कॉफी टाकायची. त्याला ते लागायचं. बर्फ लोटणाऱ्याची बायको, आणि बर्फाला भिऊन घरी बसते. म्हणून त्यानं ऑल-व्हील आणली. जुनी विकली तेव्हा बर्फाचे टायरही तिच्याबरोबरच देऊन टाकले.

आमच्याकडे घरात कुठलीही गाडी आली की पहिल्या बर्फाला सगळं घर चर्चच्या मोकळ्या आवारात जातं. कचकन ब्रेक दाबायचा, घसरू द्यायची, किती लांब जाऊन थांबते ते बघायचं. लेम्पीही म्हणाली होती, चल. तो म्हणाला होता, चारही चाकांना जोर आहे, हिची कसली परीक्षा घ्यायची?

ती गेली त्या दिवशी पावसाचं पाणी रस्त्यावर गोठलं होतं. तो अंगणात उभा होता. गाडी एका दमात चढून गेली, चाक एकदाही जागी फिरलं नाही. पलीकडच्या उतारावर मात्र ती थांबली नाही.

“तो आवाज, हेल्वी,” तो मला म्हणाला, “एकसारखा, गुळगुळीत. रस्ता गोठला की अजून येतो. आणि ऐकून मी खूश झालो होतो गं. जुनी गाडी तिला ‘नको’ म्हणायची. ती मीच काढून टाकली.”

फुगलेला पॅनकेक केव्हाच खाली बसला होता.

ऐलानं हळू विचारलं, “मग मी जुनीच घेऊ का, आजोबा?”

त्यानं मान हलवली. आजारी माणसं रस्ता बघून थांबत नाहीत, तिला तर चढून जावंच लागणार. चढायला चारही चाकांचा जोर बरा. पण थांबताना सगळ्या गाड्या सारख्या, टायर धरतील तेवढंच. रॉय म्हणाला, कुठलीही आली तरी बर्फाचे टायर मी स्वतः चढवीन. वेर्नरनं ते ऐकलं, पण उठला नाही. त्यानं ऐलाच्या हातांकडे बघितलं.

“पोरी,” तो म्हणाला, “चर्चच्या आवारात ब्रेक दाबशील ना, तेव्हा मला शेजारी बसू दे.”