कुंकू लावलेली नळी

बंदूक समोर आली की काका आधी तिचा वास घेत. डोळे मिटून, उमललेल्या फुलाचा घ्यावा तसा. मग भुवया चढत. "खोबरेल! कुनी लावला खोबरेल? बंदूक हाय, हिची वेनी नाय घालायची."

पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचे बंदूकदुरुस्तीचे दुकान होते. काका गेले त्याला वर्ष होत आले, पण तुमच्यापैकी काहींना ते आठवत असेल: अर्धे उघडे शटर, रॉकेलचा उग्र दर्प, भिंतीशी रचलेली वाळूची पोती. बंदुकीचे तोंड त्या पोत्यांकडे वळवल्याखेरीज काका तिला हात लावत नसत. गिऱ्हाईक हसून म्हणे, "रिकामी आहे हो." त्यावर ठरलेला प्रश्न येई, "कोन बोलतंय? तुमी का बंदूक?"

एकदा उलव्याचा एक बिल्डर दिवाणखान्यात टांगायची बंदूक घेऊन आला. त्याला ती आरशासारखी चकचकीत हवी होती. "मंग ताट टांगा ना भितीला," काका म्हणाले, "जेवता तरी येल."

आमची रायफल आपटा गावातल्या घरातली. भातात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी आजोबांनी ती घेतली होती. पुढे जमीन विकली, घर गेले. रायफल तेवढी उरली. वडिलांच्या पश्चात परवाना दादाच्या नावावर झाला आणि ती पुन्हा चालती व्हावी हा त्याने ध्यास घेतला. "आजोबांचं एवढंच आहे आपल्याकडे," तो म्हणे. लाकडी दस्ता चिरला होता, गोळी भरायचा बोल्ट गंजून जाम झाला होता, चाप हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे ती घेऊन काकांकडे गेलो. दुरुस्त होईल का, आणि तिची किंमत काय धरावी, एवढेच विचारायचे होते.

काकांनी वास घेतला आणि दचकून पाहिले. "हलद?"

मी हौसेने सांगू लागले. दसऱ्याला तिला पाटावर ठेवून आम्ही पूजा करतो. नळीच्या तोंडाला कुंकू लावायचा मान घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचा. एके काळी तो माझा होता, आता माझ्या सात वर्षांच्या मुलीचा. पूजेनंतर मुले पैज लावून चाप ओढतात. तो कुणालाच हलत नाही, आणि मोठी माणसे हसतात.

काका हसले नाहीत. "उघडून कुनी बघितली?"

"कुणी नाही," दादा म्हणाला. "आजोबांनी सांगून ठेवलं होतं रिकामी आहे म्हणून."

आजोबांचा शब्द पडताळून पाहावा हे आमच्या घरात कुणाला सुचणेच शक्य नव्हते. शिवाय हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूचा बोल्ट कोण ओढणार?

"नली सोन्यासारखी हाय," काका शेवटी म्हणाले. "लाकूड नवं बसंल. किंमत बी चांगली येल." दादाचा चेहरा उजळला.

गंज सैल व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावले, गल्लीच्या पार टोकाला उभे केले आणि एकटेच आत गेले. लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब, कोरडा सूर उमटला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वाळूने भरलेला पत्र्याचा डबा होता. वाळूवर एक काडतूस. पितळेवर शेवाळासारखा हिरवा थर.

"जित्ता हाय," ते म्हणाले.

कोपऱ्यावरच्या भज्यांच्या कढईचा चुरचुराट, रिक्षांचे भोंगे, सारे एकाएकी माझ्यापासून दूर गेले. मला मुलगी दिसली. गेल्या दसऱ्याला कुंकवाचे बोट पुसता पुसता तिने नळीला डोळा लावला होता. "आई, आत किती काळोख आहे!" मागे दादाचा मुलगा दोन्ही हातांनी चाप ओढत होता. मी त्यांचा फोटो काढला होता.

"गंजानं राखली पोरं तुमची," काका म्हणाले. "आन् तो गंज मी काढला. मी ह्या रायफलीला आता हात नाय लावायचा. दुसरा कारागीर बघा."

दादा गल्लीतल्याच एका पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली नाही. "दुसरा नको," तो म्हणाला. "जमा करून टाकू." त्याने पोलिसांना फोन लावला, तेव्हा त्याला आपले नावही धड सांगता येईना.

काकांनी डबा आत ठेवला आणि भर दुपारी शटर ओढून कुलूप घातले. मग माझ्याकडे वळले. "पोरगी कुटं हाय?"

"शाळेत."

"मना बघायची."

पोलिसांची वाट पाहायला दादाला तिथेच पायरीवर ठेवून आम्ही निघालो. मधली सुटी होती. मला फाटकाशी पाहून ती धावत आली. गुडघ्यांना माती, गाल उन्हाने तापलेले, मुठीत अर्धा खाल्लेला पेरू. "तू आत्ता कशी?" तिने विचारले. मी खाली वाकून तिच्या गुडघ्यांवरची माती झटकली.

काकांचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि बोटांवरचे काळे तेल पाहून मध्येच थांबला. मग त्यांनी हात दुमडला, कोपर हलकेच तिच्या केसांवर टेकवले, आणि घंटा होईपर्यंत तसेच उभे राहिले.