लीलाबाईंची रोपवाटिका, मुक्काम पोर्ट लुई

सणसरच्या लीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला मॉरिशसला निघाल्या, तेव्हा आख्ख्या गल्लीनं चौकशा केल्या. डिंकाचे लाडू घेतले का, कानटोपडी घेतली का, विमानात भ्या वाटंल का. लीलाबाई सगळ्यांना व्हय व्हय म्हणत होत्या, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर कुठं होतं? ते होतं गोठ्यामागच्या शेडनेटखाली, उसाच्या तीस हजार रोपांत.

आता ऊस लावायचा म्हणजे सरीत कांडी पुरायची, हे सगळ्यांना ठाऊक. पण लीलाबाईंनी सात वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात बघितलं, की उसाचा एकेक डोळा, म्हणजे पेरावरचा कोंब, काढून ट्रेमधे, नारळाच्या भुशात रुजवता येतो आणि तयार रोप शेतात लावता येतं. घरी येऊन त्यांनी चार ट्रे मांडले. लोक हसले. "बाई उसाची बालवाडी काढतीय," म्हणाले. हसणारेच पुढं रोपं मागायला आले, हे काय मी वेगळं सांगायला पाहिजे? कळंबपासून डाळजपर्यंत लोक म्हणतात, लीलाबाईची रोपं हायत ना, मग बघायचं काम न्हाय.

त्यांचे मालक सर्जेराव देवमाणूस, पण पाण्याच्या बाबतीत अगदी बेभान. तीस वर्षं कॅनॉलवर ऊस पिकवलेला गडी. त्यांच्या लेखी माया म्हणजे पाणी, आणि मायेत हात आखडायचा नाही. म्हणून निघताना लीलाबाईंनी त्यांना ट्रेसमोर उभं केलं. "भुसा मुठीत दाबायचा. थेंब गळला, तर त्या दिवशी पाणी न्हाय. ध्येनात राहील?"

"मला शिकिवती व्हय गं?" सर्जेराव म्हणाले.

"व्हय, शिकिवती."

विमान मॉरिशसला उतरायला लागलं आणि लीलाबाईंनी खिडकीतनं खाली बघितलं. जिकडं तिकडं ऊस! "अगं बया, एवढ्या लांब येऊन परत सणसरलाच आले की!" शेजारच्या बाईला मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलंच. राजधानीकडं, पोर्ट लुईकडं जाताना वाटेत त्यांनी जावयाला गाडी बाजूला घ्यायला लावली, उसाचे फुटवे मोजले, आणि "बरा हाय, पण दाट लावलाय" असा निकाल देऊन परत गाडीत बसल्या.

पोर्ट लुईला लेकीचं, सुप्रियाचं घर सहाव्या मजल्यावर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बंदरातली जहाजं, आणि जानेवारीत घाम निघावा असं ऊन. सुप्रियाला नववा लागला होता, तरी ती जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पुण्याच्या कंपनीचं काम करत होती. टेबलाचं दुसरं टोक लीलाबाईंनी धरलं. आपल्याकडं साडेनऊ वाजले की तिथं आठ वाजतात. त्या वेळेला रोज भामाबाई, म्हणजे शेडवर कामाला असणारी बाई, लीलाबाईंचा उजवा हात, व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन ट्रेवरनं सावकाश फिरवायची.

चौथ्याच दिवशी लीलाबाई ओरडल्या. "थांब! मागं घे. ते हिरवं काय दिसतंय? शेवाळ ना?" सर्जेराव पडद्यावर आले, मान खाली घालून. "अवो, बुडवली का माझी लेकरं? मूठ दाबली हुती का न्हाय?"

पुण्याच्या मीटिंगमधल्या अकरा जणांनी हे सगळं ऐकलं, कारण सुप्रियाचा माईक चालू होता. तिनं घाईघाईनं सांगितलं, "सॉरी, आईचं काम चालू आहे." साहेब हसून म्हणाले, "त्यांचं आधी होऊ द्या." त्यानंतर साडेनऊची मीटिंग दहाला सुरू व्हायला लागली. म्हणजे पुण्याची कंपनीसुद्धा सणसरच्या वेळेवर चालायला लागली, आणि याचा लीलाबाईंना काडीचाही पत्ता नव्हता!

डोळे ट्रेमधे लावल्याच्या सव्विसाव्या दिवशी मात्र फोन अवेळी आला. भामाबाई कुजबुजत होती. "वैनी, टेंपो आलाय. बापूसाहेब सोताच आल्यात. ट्रे भरायला लागल्यात."

लीलाबाईंच्या हातातला पोळीचा उंडा तसाच राहिला. तीस हजार रोपांची मागणी बापूसाहेबांचीच होती. बारामतीकडचे मोठे बागायतदार, पंचक्रोशीत कुणी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. त्यांचं वावर तयार होतं, कॅनॉलच्या पाण्याची पाळी लवकर सुटली होती, म्हणून त्यांना रोपं आजच पाहिजे होती. आणि सर्जेरावांनी आदल्या दिवशी त्यांना 'न्या' म्हणून शब्द देऊन टाकला होता. बायकोला सांगायची मात्र छाती झाली नव्हती. थंडीतलं रोप चाळीस दिवसांशिवाय मूळ धरत नाही. आज गेलं तर वावरात माना टाकणार, आणि सगळीकडं बोभाटा होणार, की लीलाबाईची रोपं मेली. सात वर्षांची अब्रू एका टेंपोत भरली जात होती.

"फोन त्यांच्याकडं वळव," लीलाबाई म्हणाल्या. पिठाचे हात, कपाळावर घाम, मागं पोर्ट लुईचं बंदर. "रामराम बापूसाहेब. आज रोपं न्यायची न्हाईत. अजून चौदा दिवस."

"वैनी, तुमी फिरा की निवांत समुद्रावर," बापूसाहेब हसत म्हणाले. "तितं बसून तुमाला हितलं काय कळतंय? रोप चांगलं हिरवंगार दिसतंय."

"वरचं मलाबी दिसतंय. तुमी खालचं बघा. तुमच्या हातानं एक रोप उपसा."

बापूसाहेबांनी ट्रेमधलं एक रोप धरून वर ओढलं. भुसा भुगा होऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. हातात राहिलं हिरवं पान आणि दोन केसांएवढ्या मुळ्या.

"मुळ्यांनी भुसा धरला न्हाय अजून," लीलाबाई म्हणाल्या. "ज्याला भुसा धरता येईना, त्यो तुमचं रान काय धरंल?"

टेंपोवाला फिसकन हसला आणि तिथंच बिघडलं. चार माणसांत बाईनं दाखवून दिलं, हे बापूसाहेबांना सोसलं नाही. त्यांनी फोनकडं पाठ फिरवली. "सर्जेराव, पुरुषासारखा पुरुष तू. शब्द दिलायस मला. भर ट्रे."

लीलाबाईंना पडद्यावर आता नुसत्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. तीन तासांचा रस्ता असता तर त्या उठून गेल्या असत्या, पण मधे आख्खा समुद्र. सुप्रिया पोट सांभाळत उठली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बाबा मोठ्या माणसांपुढं कधी बोलत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. एक, दुसरा, तिसरा. सर्जेराव टेंपोतनं ट्रे उतरवत होते, एकटेच, भरभर. बापूसाहेब म्हणाले, "आरं, हे काय?"

"चुकलं माझं, बापूसाहेब," सर्जेरावांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "शब्द दिला ही चूक झाली. ह्या रोपांचा शब्द माझा न्हवंच, तिचा हाय. तिला इचारल्याबिगर मी परत असं करायचो न्हाय. चौदा दिवसांनी या. न्हाय आलात तरी चालंल."

भामाबाईनं आपणहून फोन वळवला. लीलाबाईंना नवरा दिसला, घामानं निथळलेला, दोन्ही हातांत दोन ट्रे धरलेला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या माणसानं इतक्या लोकांत, इतक्या मोठ्यानं त्यांचं नाव राखलेलं त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर गेला आणि सगळं पीठ गालाला लागलं.

"अवो," त्या कशाबशा म्हणाल्या, "ट्रे सावलीत ठिवा. आन तुमी बी जरा सावलीत बसा."