भाऊबीजेले मागितलेली भिंत

आमची गढी दुर्गच्या पलीकडं, शेताच्या मधोमध. पणजोबा भंडाऱ्याकडून इथं आले, गावाची मालगुजारी, म्हणजे सारा वसुलीचा हक्क, घेतली अन् धान्य लुटणाऱ्यांच्या भीतीनं चारी बाजूंनी मातीची जाडजूड भिंत घातली. आत भिंतीले टेकून राहायच्या खोल्या, कोठार, गोठा, विहीर. पुढं मालगुजारी गेली. घरचे सारे पोलादाच्या प्लांटात कामाले लागले, कामगारांच्या वस्तीत, कॅम्पात राहायले आले, अन् गढीत शेळ्या तेवढ्या शिरत.

मोठा भाऊ रिटायर झाला तसा गढीच्या मागं लागला. छपराचे कवेलू बदलले, विहीर उपसली, दरवाजा नवा बसवला अन् वहिनीले घेऊन तिथंच राहायले गेला. इथवर शाबास. पण सारी जिंदगी सिमेंट-लोखंडात गेलेला माणूस, मातीवर त्याचा भरवसा कुठून बसणार? भिंतीले आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून मोकळा झाला.

पहिल्याच पावसाळ्यात भिंतीचं पोट सुटलं. वरून शिरलेलं पाणी सिमेंटमुळं बाहेर निघेना, आतली माती फुगली. अन् हा शहाणा त्याच भिंतीले खाट लावून झोपे! वहिनीनं खाट हलवली की पुन्हा तिथंच. मी माझ्या घरून, कोहक्यातून, रोज फोनवर भांडायची.

"प्लांट उभा केला आम्ही, मले भिंत काऊन शिकवून राहिली?" म्हणे.

माझा जीव नुसता टांगणीले लागला होता.

भाऊबीजेले भाऊ-वहिनी माझ्याकडं आले. ओवाळलं, तर त्यानं सिव्हिक सेंटरच्या बाजारातून आणलेली साडी पुढं केली.

"साडी नको," मी म्हटलं. "भिंतीचं सिमेंट काढ. अन् ते होईपर्यंत इथंच झोप."

"असं कोणी मागते काय, बाई?"

"मी मागून राहिली."

बहिणीनं मागितलेली ओवाळणी नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मले रडू आलं, ते मी लपवलंही नाही. शेवटी मान डोलावली त्यानं.

सकाळी आम्ही गढीवर गेलो. त्यानं बाहेरून छन्नी लावली. गिलाव्याचा पहिला मोठा तुकडा निघाला अन् फुगलेली भिंत धप्पकन आत बसली. खोलीच्या खिडकीतून पाहिलं तर खाट दिसतच नव्हती, नुसता ओल्या मातीचा ढीग. माझा भाऊ माझ्याजवळ उभा होता, धडधाकट. जीव भांड्यात पडला.

छन्नी खाली ठेवून तो म्हणाला, "अजून काही मागायचं असंल तर मागून घे."

"मातीनंच बांध," मी म्हटलं.

भुसा कालवून त्यानं मातीचीच बांधली. यंदाच्या पावसात त्या भिंतीले खाट लावून मीच गाढ झोपून आले.