दोन बिनचिठ्ठीच्या बाटल्या

मिस्त्रींच्या गॅरेजात तेलाच्या एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. सरबताच्या, औषधाच्या, मिळतील त्या रिकाम्या बाटल्यांत ते तेल भरून ठेवायचे आणि बूच काढून नुसत्या वासावर ओळखायचे. चिठ्ठ्या वाचायला लागतात ते कारकून, मिस्त्री नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं लोक त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणत आले आणि त्यांनीही ते नाव मिरवलं.

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि नाकच गेलं. ना पेट्रोलचा वास, ना करपलेल्या दुधाचा. हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. येईल परत, असं म्हणत अंदाजपंचे काम रेटत राहिले. हट्टी माणूस, दुसरं काय!

आता मात्र वेळ आणीबाणीची होती. शर्यतीच्या तळावरच्या तंबूत सगळे जमले होते, अकराला सुटणाऱ्या डोंगरातल्या शर्यतीला दीड तास उरला होता आणि लेकीच्या मोटरसायकलचा क्लच मेल्यासारखा झाला होता. लिव्हर दाबली की लोण्यात बोट जावं तशी आत जायची, पण गियर काही सुटत नव्हता. तीन वर्षं लेक या दिवसासाठी राबली होती. पहिल्या तिघांत आली तर कंपनीच्या संघात जागा मिळणार होती.

मिस्त्रींनी मोठ्या सिरिंजने खालून तेल चढवून हवा काढली. लिव्हर कडक झाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच दहा मिनिटांत ती पुन्हा ढिली पडली. मग त्यांनी इंजिनाजवळचा छोटा सिलिंडर खोलला. आतलं रबरी सील फुगून टम्म झालं होतं.

"बाबा, या क्लचला मिनरल ऑइल लागतं. ब्रेक ऑइल गेलं की सील असंच फुगतं ना?" लेक म्हणाली. तिने पेल्यातल्या पाण्यात क्लचच्या तेलाचा थेंब सोडला. मिनरल ऑइल पाण्यावर तरंगतं. हा थेंब बघता बघता पाण्यात मिसळून गेला.

लेक नवऱ्याकडे वळली. "तूच ओतलंस ना काहीतरी? तुला किती वेळा सांगितलं, माझ्या गाडीला हात लावू नकोस!"

"अगं, मी फक्त आरसे पुसले!" जावई बिचारा कपाटासारखा उभा राहिला.

गेल्या आठवड्यात क्लचचं तेल मिस्त्रींनीच बदललं होतं. पण जावयाच्या अंगावर शेकतंय तर शेकू दे, असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मुकाट्याने त्यांनी वरची-खालची दोन्ही सीलं बदलली, नळी धुतली, शेजारच्या तंबूतून सीलबंद डबा आणून ताजं तेल भरलं. क्लच खणखणीत झाला. अकराला दहा मिनिटं कमी होती. लेक हेल्मेट घालून रांगेकडे निघाली.

झाकली मूठ तशीच राहिली, असं वाटून मिस्त्री हात पुसायला लागले आणि तिथेच थबकले. त्या दिवशी बाकावर बाटल्या दोन होत्या. एक क्लचमध्ये रिकामी केली, दुसरी पुढच्या ब्रेकमध्ये. एक चुकली असेल, तर दुसरीही चुकलीच. आणि ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेलं की तिथलं सीलही फुगणार आणि ब्रेक कधीही दगा देणार. शर्यतीचा पहिलाच उतार कड्याच्या अंगाने होता.

मग त्यांनी वय पाहिलं नाही, की लोक पाहिले नाहीत. दोरी ओलांडून धावत सुटले आणि लेकीच्या चाकापुढे आडवे उभे राहिले.

"उतर! पुढच्या ब्रेकमध्ये चुकीचं तेल आहे. क्लचमध्येही मीच घातलं होतं. मला वास येत नाही, पोरी. हिवाळ्यापासून येत नाही."

मागचे स्वार हॉर्न वाजवत होते. लेकीने गाडी बाजूला घेतली. जावयाने पेला आणला. ब्रेकच्या डबीतला थेंब पाण्यावर तरंगत राहिला.

निशाण पडलं. सगळ्या गाड्या धूळ उडवत गेल्या. लेक दगडावर बसून राहिली, हेल्मेट मांडीवर. मिस्त्री समोर उभे होते. ओरडेल, बोलेल, काय वाटेल ते म्हणेल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती.

"काल सरावात मी याच ब्रेकवर तो उतार उतरले," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा. लिव्हर जास्तच आत जात होती. मला वाटलं, माझाच हात थकलाय."

मिस्त्री ओरडले, "अगं, मग थांबायचं! मला विचारायचं!"

"ब्रेकमध्ये तेल तुम्ही भरलं होतं ना, बाबा."