मामा, गाव तुमच्याबरोबर नव्हतं

काल शंकरमामांची तिरडी उचलली आणि कुणीतरी सवयीनं ओरडलं, "मामा तुम आगे बढो!"

गावानं लगेच उत्तर दिलं. "हम तुम्हारे साथ हैं!"

तिरडीपुढं. खरंच.

'अमर रहे' म्हणायचं होतं म्हणे. पण त्यांच्या नावापुढं जन्मभर हेच ओरडलेलं, तोंडातून तेच निघालं.

ओट्यावरून मामी म्हणाली, "मंग चला की. सरनावर जागा करा म्हनावं."

मला वाटलं, मामी, अजून बोल. आज सोडू नकोस यांना.

शंकरमामा माझ्या आईचे भाऊ. आवाज असा, की माईक लागायचा नाही. दुधाचा भाव असो नाहीतर लाईट, मोर्चात पहिली घोषणा त्यांची. पुढारी मात्र कधी झाले नाहीत, साधे पंचायतीचे मेंबरसुद्धा नाही.

घोषणेवर भारी विश्वास. म्हणायचे, "अगं, घोषना म्हंजी दिल्याला शबूद. मावळे 'हर हर महादेव' म्हनून माघारी पळत नव्हते."

तुमचं चुकलंच मामा. मावळे वेगळे आणि आपलं गाव वेगळं.

सकाळची कॉलेजची एसटी बंद झाली. त्याच गाडीनं मी शिकले, मामांकडं राहून. आता पोरींना वडापच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन जावं लागतं.

म्हणून मामांनी डेपोवर मोर्चा नेला. टेम्पो भरभरून माणसं. घसे फुटेस्तोवर घोषणा.

डेपोचे साहेब म्हणाले, चारपाच जण आत या, म्हणणं मांडा, सह्या करा.

मामा आत गेले. मागं वळून बघतात तर कुणी नाही.

का? तर जीपवाले आपल्याच गावचे. त्यांच्याशी वाईट कोण होणार! त्यात दुधाची वेळ झालेली. टेम्पो निघून गेले आणि मामा वडापनंच घरी आले.

त्यानंतर दर सोमवारी ते एकटेच डेपोत. साहेब विचारायचे, "मामा, बरोबर कोण आहे?"

"गाव हाय की."

चक्क खोटं. गावाची अब्रू झाकायला.

मी फोनवर चिडायचे. "मामा, कशाला मरमर करता? हे लोक येणार नाहीत."

"येत्याल गं. वरडत्यात म्हंजी मनात हाय."

परवा संध्याकाळी गोठ्यात धारा काढताना गेले. अटॅक.

काल माणसं स्मशानातून परतली. अंगणात शेजारच्या गौरीचे वडील म्हणाले, "आता मामाच न्हाईत. गाडी काय येत नसती. पोरीचं कालेज बास करतो, एखादं स्थळ बघतो."

घसा बसला होता त्यांचा. घोषणा देऊन.

गौरी तिथंच माणसांच्या पायावर पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, सोमवारी डेपोत कोन जानार?"

एवढं भरलेलं अंगण. एकानं मान वर केली नाही. शी! लाज वाटली मला सगळ्यांची.

मी रजा टाकलीय. सोमवारी इथून, भिंगारहून, पहिल्या गाडीनं डेपोला निघते. गौरी येतेय, बापाला न विचारता.

आणि मामी येतेय. सुतकात उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून बायकांनी तिला खूप समजावलं.

मामी म्हणाली, "त्यांनी गावासाठी लई खोटं सांगितलं. मी खरं सांगून येते."

शंकरमामा, तुम्ही निवांत जा. तुमच्या पाया पडते.