शिडी पुढच्या दाराने

माझ्या सासूबाई पडदे लावतात. शिवत नाहीत, विकत नाहीत, लावतात. लोक दुकानातून पडदे आणतात, दांडे आणतात, मग घरातला नवरा ड्रिल घेऊन भिंतीला अर्धा डझन भोकं पाडतो आणि त्यानंतर सासूबाईंना फोन येतो. त्या जातात, भोकांकडे बघतात, नवऱ्याकडे बघतात आणि एक अक्षर न बोलता कानामागची पेन्सिल काढतात. त्या न बोलण्यानेच नवरे गार होतात. मी स्वतः त्यातला आहे. लग्नानंतर आमच्या खोलीतला आरसा मी लावला होता. त्याला पाच वर्षं झाली, पण ती भोकं सासूबाई अजून पाहुण्यांना दाखवतात.

मी घरजावई आहे आणि वर सासूचा शिडीवाला आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. या देशात आलो तेव्हा माझ्याकडे एक डिग्री होती, जी इथे कुणी विचारली नाही, आणि दोन धड खांदे होते, जे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नजरेने मापले. सासरे गेल्यापासून त्या शिडी एकट्याच ओढत होत्या. मी आलो आणि ती माझ्या खांद्यावर आली. जमिनीवर असताना त्या मला जावईबापू म्हणतात, अहोजाहो करतात. तिसऱ्या पायरीवर गेल्या की अरेतुरे सुरू. "अरे, धर ना नीट! झोपलास काय?" खाली उतरल्या की पुन्हा, "चहा घेणार का जावईबापू?"

त्या इथे येऊन तीस वर्षं झाली. बैठकीच्या खोलीत त्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली त्याचा फोटो आहे. मागे या देशाचा झेंडा आणि पुढे हात वर केलेल्या तरुण सासूबाई. सगळ्या घरात इतकी सरळ टांगलेली दुसरी वस्तू नाही.

घर भाड्याचं. बैठ्या घरांची रांग आहे, त्यातलं. आमचं दार आणि शेजारच्यांचं दार अगदी लागून, मध्ये हातभर भिंत, आणि दोघांना मिळून तीन पायऱ्या. शेजारी राहतात बसवाले, जन्मापासून इथलेच. पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. मला सकाळी उशीर झाला की खिडकीतून ओरडायचे, "चढा चढा, गाडी सुटली!" त्यांची बायको शेवटी शेवटी खूप आजारी होती. तिला उजेड सोसत नसे. तेव्हा सासूबाईंनी अर्ध्या दिवसात तिच्या खोलीला जाड पडदा लावून दिला होता आणि पुढे चार महिने रोज संध्याकाळी, ऊन उतरलं की, जाऊन तो स्वतःच्या हाताने उघडत होत्या. बाई गेली, पण पडदा अजून तिथेच आहे. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून सासूबाई आणि बसवाले चहा प्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करायचे.

मग एका सोमवारी सकाळी बसवाल्यांच्या दारावर झेंडा लागला.

आता झेंडा म्हणजे देशाचाच. तो शाळेवर असतो, पोस्टावर असतो, आमच्या फोटोत आहे. त्यात वाईट काय? पण गेल्या वर्षापासून चौकात मोर्चे निघायला लागले होते. "बाहेरच्यांनी बाहेर जा" अशी घोषणा, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हाच झेंडा. हळूहळू तो घरांवर दिसायला लागला. आधी दोन गल्ल्या सोडून, मग कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयावर, आणि आता आमच्या दारापासून दोन हातांवर. काठी तिरकी होती, त्यामुळे वारा आला की झेंड्याचं टोक थेट आमच्या दारावर फडफडायचं. माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नका. "जातो आणि विचारतो," मी म्हणालो.

सासूबाई खिडकीतून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाकडा लावलाय."

बस्स. त्या दिवशी एवढंच बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी कामाला निघताना म्हणाल्या, "जावईबापू, शिडी मागच्या दाराने घ्या." मागच्या दाराने म्हणजे मोरीवरून, कपड्यांच्या दोरीखालून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून. सात फुटी शिडी तिथून काढणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. दोन डबे लवंडले, एक दोरी तुटली, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसल्या नाहीत. चहा आत, उभ्याने, ओट्यापाशी. असे तीन आठवडे गेले. बसवाल्यांची आणि त्यांची एकदाही गाठ पडली नाही, आणि कुणी कुणाच्या दाराची बेलही वाजवली नाही.

मला राग येत होता, त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. भिंतीवर टकटक करून भिंत पोकळ की भरीव सांगणारी ही बाई रस्त्यात कुणी हसून "काय काकू" म्हटलं तरी आता त्याच्या तोंडाकडे दोनदा बघायची.

एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "दुसरं घर बघा." माझ्या बायकोने बघितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसरा मजला. सासूबाईंनी तिथल्या खिडक्यांची मापं त्यांच्या लांबट वहीत उतरवून घेतली. तिथल्या घरमालकाला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "कळवते," त्या म्हणाल्या, पण फोन काही उचलत नव्हत्या.

त्याच आठवड्यात वारा सुटला, आणि सासूबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "पडणार."

"काय पडणार?"

"ते काठी धरलेलं ब्रॅकेट. चार स्क्रू हवेत, दोनच आहेत. आणि तेही नुसत्या गिलाव्यात. भेग बघा कशी वर चाललीय. कुणाच्या तरी डोक्यात पडणार."

"मग सांगा त्यांना."

"मी?" त्या माझ्याकडे वळल्या. "मी त्यांच्या दारात जाऊन सांगू की तुमचा झेंडा पडणार आहे? मी?"

खरंच होतं. त्या गल्लीत हे वाक्य कुणीही बोलू शकलं असतं, आम्ही सोडून. मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. समोर पडलेल्या वहीतलं एक पान फाडलं, निनावी चिठ्ठी लिहिली आणि बुधवारी सकाळी बसवाल्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. परत येऊन मोठ्या ऐटीत सासूबाईंना मजकूर म्हणून दाखवला. "आपल्या झेंड्याला धोका आहे. वेळीच काळजी घ्यावी. एक हितचिंतक."

सासूबाईंचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ही धमकी आहे."

मी पुन्हा मनात वाचली. धमकीच होती. तो दिवस मी घरातच काढला. दुपारी बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. पडद्याआडून बघितलं, तर बसवाले दारात खुर्ची टाकून, मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. झेंड्याची राखण! आणि खुर्ची नेमकी कुठे, तर त्या ब्रॅकेटच्या बरोबर खाली. कुणाच्या तरी डोक्यात पडायचं ते आता कुणाच्या, हे माझ्या चिठ्ठीने पक्कं करून टाकलं होतं.

गुरुवारी वारा वाढला. बसवाले मफलर गुंडाळून बसलेलेच. सासूबाई खिडकीतून एकदा ब्रॅकेटकडे बघायच्या, एकदा बसवाल्यांच्या टकलाकडे. अकरा वाजता त्यांनी एप्रन चढवला.

"शिडी घ्या."

मी मागच्या दाराकडे वळलो.

"तिकडे कुठे? पुढून!"

दार उघडलं तसे बसवाले ताडकन उभे राहिले. मी शिडी घेऊन, सासूबाई ड्रिल घेऊन. आम्ही कसे दिसत असू ते आम्हालाच माहीत.

"उठलात ते बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची बाजूला घ्या."

"हात लावायचा नाही हं," बसवाले म्हणाले. आवाज मोठा होता, पण त्यात दम नव्हता.

सासूबाई शिडी चढल्या. दोन बोटांनी ब्रॅकेटचा एक स्क्रू धरला आणि केकवरची मेणबत्ती काढावी तसा अलगद बाहेर काढला. खाली वाकून तो, चिमूटभर गिलाव्यासकट, बसवाल्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा कुणी लावला?"

बसवाले तळहाताकडे बघत राहिले. "मी," ते म्हणाले. आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे तसं बघितलं, जसं त्या सगळ्या नवऱ्यांकडे बघतात.

पुढची वीस मिनिटं काम चाललं. झेंडा काठीसकट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. एका हाताने शिडी, दुसऱ्या हातात झेंडा, असा मी भर रस्त्यात उभा. कोपऱ्यावरचा केशकर्तनालयवाला नेमका तिथून चालला होता. तो थबकला, माझ्याकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं. "काय चाललंय इथे?" तो गुरकावला.

"दिसत नाही का? काम चाललंय," बसवाले त्याच्यावर खेकसले. "पुढे सरका, रस्ता अडवू नका!" तो निघून गेला.

सासूबाईंनी ब्रॅकेट एक वीत बाजूला घेतलं, पक्क्या विटेत चार भोकं पाडली, प्लग ठोकले, चार लांब स्क्रू आवळले. लेव्हल लावून सरळ आहे ना ते बघितलं. मग वरूनच, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "एक विचारू? हा कुणासाठी लावलात?"

बसवाले घुटमळले. "सगळे लावतायत... मोर्चातली माणसं घरी आली होती, चांगलं बोलली. हल्ली कुणी घरी येत नाही माझ्या." मग घाईने म्हणाले, "पण तुमच्यासाठी नाही हो लावला! तुम्ही तीस वर्षांच्या. तुम्ही आपल्याच. हे आत्ता आत्ता जे लोंढे येतायत ना, त्यांच्यासाठी."

सासूबाई शिडीवर वळल्या आणि ड्रिलचं टोक माझ्याकडे केलं.

"हा बघा लोंढा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी आला. तुमची शिडी धरून उभा आहे."

मी काय करणार? झेंडा सांभाळत मान हलवली. बसवाले लाल झाले. माझ्याकडे बघायचं टाळत त्यांनी खिशातून एक कागद काढला. माझी चिठ्ठी! माझा हात शिडीवरून सुटायला आला.

"अरे, धर!" वरून आवाज आला.

"ही मला काल सकाळी मिळाली," बसवाले म्हणाले. "पुढचं वाचलं, काही वाटलं नाही. मग मागे बघितलं." त्यांनी पान उलटं केलं. सासूबाईंचं ठसठशीत अक्षर. वर 'नवं घर', खाली बैठकीची खिडकी, झोपायच्या खोलीची खिडकी, लांबी, रुंदी. मी गडबडीत मागचं बघितलंच नव्हतं. "हे तुमच्या वहीतलं पान. बायकोच्या खोलीचं माप घेतलंत तेव्हा असलंच होतं. घर सोडताय?"

सासूबाईंनी लेव्हल पुन्हा एकदा ब्रॅकेटवर ठेवली.

"मागच्या दाराने जाता हल्ली. म्हटलं, इथे बसून राहिलो तर कधीतरी पुढून बाहेर पडाल." त्यांनी पान पुढे धरलं. "माझ्यामुळे सोडताय?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे. तीन आठवडे मला माझ्या दारातून बाहेर पडायची लाज वाटतेय. तुमच्या बायकोचा पडदा मी लावला, आणि माझ्या तोंडावर तुम्ही हे लावलंत. फार वाईट वाटलं मला."

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बसवाल्यांनी नाक पुसलं. मग वर बघून म्हणाले, "काढू का?"

"आत्ता चार स्क्रू मारलेत मी!" सासूबाई कडाडल्या. मग शांतपणे खाली उतरल्या, हात एप्रनला पुसले. "ठेवा नाहीतर काढा, ते तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, संध्याकाळी मी या पायऱ्यांवर बसू की नको?"

बसवाल्यांनी आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "संध्याकाळी कशाला?" ते म्हणाले. "आत्ताच बसा." आणि स्वतः पायरीवर बसून थर्मासचं झाकण उघडायला लागले.

सासूबाई बसल्या. ती चिठ्ठी घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि मागच्या मापांवर एक लांब आडवी रेघ मारली. शुक्रवारी त्यांनी घरमालकाला फोन केला. "तुमच्या भिंती पोकळ आहेत," एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

झेंड्याचं म्हणाल तर तो कधी असतो, कधी नसतो. ज्या दिवशी शाळेवर, पोस्टावर लागतो त्या दिवशी बसवाल्यांकडेही लागतो. मोर्चाच्या दिवशी ते काठी घरात घेतात. याबद्दल ते काही बोललेले नाहीत, पण मी चार मोर्चे लक्ष ठेवून बघितलंय. ब्रॅकेट मात्र रिकामं असलं तरी सासूबाई जाता येता त्यावर हात दाबून बघतात.

आणि शिडी आता पुढच्या दाराने निघते. पायऱ्यांवर वळताना तिचं पुढचं टोक बसवाले धरतात, आणि मला उशीर झाला असेल तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "चढा चढा लोंढेसाहेब, गाडी सुटली!"